डॉ. कमला सोहोनी : ताडाचा रस, डाळीचा दाणा आणि एका विदुषीची तपश्चर्या

जालना जिल्ह्याची ओळख सांगताना गोदाकाठचा ऊस, मोसंबीच्या बागा आणि बियाण्यांचा व्यापार या तीन गोष्टींचा उल्लेख हमखास होतो. अंबड तालुक्यातील अंकुशनगर येथे साखर कारखाना उभा आहे. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने तुरीचे जे वाण शेतकऱ्यांच्या हाती दिले, त्यांच्या नावातील बी.डी.एन. ही अक्षरे गावाचेच नाव देशभर मिरवतात. ऊस म्हणजे साखर, तूर म्हणजे प्रथिने, ज्वारी म्हणजे पिष्ट. आपल्या शिवारात उगवणाऱ्या या पदार्थांत नेमके काय असते, ते पोटात गेल्यावर त्याचे काय होते आणि गरिबाच्या मुलाला त्यातून बळ कसे मिळते, या प्रश्नांना ज्यांनी आपले आयुष्य वाहिले, त्या डॉ. कमला सोहोनी यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्या जालन्याच्या नव्हत्या. मात्र त्यांनी ज्या अन्नाचा अभ्यास केला ते मराठवाड्यातील प्रत्येक घराच्या चुलीवर शिजते.

विद्येचे घराणे

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे भागवत घराण्यात झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. बंगळुरूच्या ज्या विज्ञान संस्थेला त्या काळी लोक टाटांची संस्था म्हणून ओळखत, तिच्या विद्यार्थ्यांपैकी हे दोघे बंधू होत. घरात रसायनशास्त्राची चर्चा आणि ग्रंथांची संगत नित्याचीच होती.

मराठी वाचकांना या घराण्याची आणखी एक ओळख आहे. लोकसाहित्याच्या थोर अभ्यासक दुर्गा भागवत या कमलाबाईंच्या थोरल्या भगिनी. १९७५ साली कराड येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीतील मुस्कटदाबीचा निषेध करणाऱ्या त्या याच दुर्गाबाई. त्यांचा प्राचीन बौद्ध विनय-नियमांवरील प्रबंध मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर हेनरी हेरास यांनी स्थापन केलेल्या इतिहास संशोधन संस्थेच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला होता. एक बहीण शब्दांच्या मार्गाने गेली, दुसरी परीक्षानळीच्या. सत्य वाटले की त्यावर ठाम उभे राहायचे, हा बाणा मात्र दोघींमध्ये सारखाच होता.

बंगळुरूचा दरवाजा

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी परीक्षा उत्तीर्ण झाल्या. रसायनशास्त्र हा मुख्य विषय आणि पदार्थविज्ञान हा जोडविषय घेऊन त्यांनी गुणवत्ता यादीत पहिले स्थान मिळवले. वडील व काका ज्या संस्थेत शिकले तेथेच आपण संशोधन करावे, या इच्छेने त्यांनी बंगळुरूला अर्ज पाठवला. अर्ज नामंजूर झाला. कारण गुणांचे नव्हते. अर्जदार स्त्री होती, एवढेच कारण होते.

त्या वेळी संस्थेच्या संचालकपदी सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळवून त्यांनी भारताचे नाव जगभर नेले होते. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाच्या मनातही स्त्रिया संशोधनाला योग्य नाहीत, असा ग्रह घर करून होता. थोर माणसाची थोरवी मान्य करतानाच त्याच्या दृष्टीतील उणीवही नोंदवावी लागते, असे आम्हाला वाटते. तसे न करणे हा चरित्रलेखनातील अप्रामाणिकपणा ठरेल.

कमलाबाई स्वतः बंगळुरूला जाऊन पोहोचल्या. नकाराचे कारण त्यांनी समोरासमोर विचारले. महात्मा गांधींच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. त्या मार्गाला अनुसरून त्यांनी संचालकांच्या कार्यालयापाशी सत्याग्रह केला. अखेर त्यांना प्रवेश मिळाला, परंतु तीन अटींवर. पहिले वर्ष केवळ परीक्षाधीन म्हणून काढायचे. संचालकांचे समाधान होईपर्यंत त्यांच्या कामाला अधिकृत मान्यता मिळणार नाही. आणि त्यांच्या उपस्थितीमुळे पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये.

यातली तिसरी अट किती अपमानास्पद होती हे सांगण्याची गरज नाही. कमलाबाईंनी तो अपमान गिळला आणि काम सुरू केले. हा सल त्यांच्या मनातून आयुष्यभर गेला नाही, उतारवयातही त्या त्याविषयी स्पष्टपणे बोलत. संस्थेत त्यांना श्रीनिवासय्या यांच्यासारखे कडक शिस्तीचे व तितक्याच आस्थेचे गुरू लाभले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्षभरातच संचालकांचे समाधान झाले. १९३६ साली कमलाबाईंना मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. पदवी विशेष प्रावीण्यासह मिळाली. त्यानंतर संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. १९४० साली ज्यांनी रामन यांच्या प्रयोगशाळेत काम सुरू केले आणि पुढे हवामानशास्त्रात नाव मिळवले, त्या केरळमधील सिरियन ख्रिस्ती कुटुंबातल्या अ‍ॅना मणी याच वाटेने पुढे गेल्या.

केंब्रिज आणि बटाट्यातील शोध

पुढील शिक्षणासाठी कमलाबाई इंग्लंडला गेल्या आणि १९३७ च्या डिसेंबरात केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात दाखल झाल्या. जीवनसत्त्वांविषयीच्या कार्याबद्दल १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा तेव्हा जीवरसायनशास्त्राची काशी मानली जात होती. तेथे त्यांनी प्रथम डॉ. डेरेक रिश्टर यांच्यासोबत काम केले. रिश्टर अन्यत्र गेल्यावर वनस्पतींचे गाढे अभ्यासक डॉ. रॉबिन हिल यांनी त्यांना मार्गदर्शन केले.

कमलाबाईंनी संशोधनासाठी निवडलेला पदार्थ आपल्या स्वयंपाकघरातलाच होता, तो म्हणजे बटाटा. बटाट्यात पिष्ट, म्हणजे स्टार्च, भरपूर असते. पिष्ट, साखर आणि गूळ हे सर्व कर्बोदकांच्या कुळातले पदार्थ. वनस्पती उन्हाच्या साहाय्याने साखर बनवते आणि पुढच्या गरजेसाठी तिचा पिष्टाच्या रूपाने साठा करते. अंकुर फुटताना किंवा वाढ होताना तो साठा पुन्हा साखरेत मोडला जातो आणि पेशी त्या साखरेतून ऊर्जा काढून घेते.

ही ऊर्जा एकदम बाहेर पडत नाही. शेतावर एका हातातून दुसऱ्या हातात घमेले द्यावे, तसे साखरेतून निघालेले इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्या रेणूकडे सोपवले जातात आणि शेवटी प्राणवायूपर्यंत पोहोचतात. या साखळीतील एक महत्त्वाचा वाहक म्हणजे सायटोक्रोम सी. हे लोहयुक्त प्रथिन आहे. सायटोक्रोम या नावाने अशा रेणूंचा परिचय केंब्रिजमधल्याच डेव्हिड कायलिन यांनी १९२५ साली करून दिला होता. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते, हे कमलाबाईंनी बटाट्यावरील प्रयोगांतून दाखवले. माणूस, बैल आणि बटाट्याचा वेल यांच्या श्वसनामागे एकच यंत्रणा आहे, या समजुतीला त्यामुळे भक्कम आधार मिळाला.

या विषयावरील त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता. प्रयोग व लेखन मिळून त्यांना सुमारे चौदा महिने लागले. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात हा सन्मान मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. प्रबंधाची महत्ता पानांच्या संख्येवर ठरत नाही, हे आजच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

मायदेशी परत

परदेशात त्यांना चांगल्या संधी होत्या. तरीही त्या १९३९ सालीच भारतात परतल्या. देश पारतंत्र्यात होता आणि आपले ज्ञान आपल्या लोकांच्या उपयोगी पडावे, अशी त्यांची धारणा होती. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात नव्याने सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. त्यानंतर निलगिरी पर्वतातील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी सहायक संचालक म्हणून जीवनसत्त्वांवर काम केले. हीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला हलवण्यात आली आणि आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते.

१९४७ साली त्यांचा विवाह श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशी झाला. सोहोनी हे विमागणिती होते. विवाहानंतर कमलाबाई मुंबईला आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. फोर्ट भागातील या संस्थेच्या इमारतीत त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी वर्षे गेली.

नीरेचे रसायन

राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी नीरेचा शास्त्रीय अभ्यास करण्याविषयी कमलाबाईंना सुचवले. त्या सूचनेमागे एक सामाजिक प्रश्न होता. मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्याने दारूबंदीचा अंमल सुरू झाला. ताडी काढून पोट भरणाऱ्या हजारो कुटुंबांचे काय, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. वसई, पालघर, डहाणू या भागांतील आमच्या वाचकांना आपल्या वाडवडिलांच्या तोंडून या दिवसांच्या हकिकती ऐकल्याचे स्मरत असेल. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता. निजामाच्या राजवटीत सेंधीवरील अबकारी कर हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन होते. आपल्याकडे ओढ्याकाठी उगवणाऱ्या शिंदीच्या झाडातून निघणारा रस तो हाच.

ताड, माड किंवा शिंदी यांचा ताजा रस म्हणजे नीरा. रात्रभर मडक्यात साठलेला हा रस सूर्योदयापूर्वी उतरवला, तर तो गोड व निर्मळ असतो. त्यात साखरेचे प्रमाण साधारणतः दहा ते पंधरा टक्के असते आणि ती साखर मुख्यतः उसातल्या साखरेच्याच जातीची, म्हणजे सुक्रोज असते. ऊन चढू लागले की हवेतील व मडक्यातील किण्वजंतू कामाला लागतात. त्यांच्यातील विकरे सुक्रोजचे दोन तुकडे करतात. एक ग्लुकोज, दुसरा फ्रुक्टोज. मग या साध्या साखरांपासून मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. रस फेसाळतो, त्याला वास येतो आणि नीरेची ताडी होते. ती तशीच ठेवली तर तिचा शिरका होतो.

आपल्या स्वयंपाकघरांनी हे रसायन शास्त्रज्ञांच्या आधी ओळखले होते. गोव्याच्या ख्रिस्ती घरांतील सान्नां आणि उत्तर कोकणातील ईस्ट इंडियन घरांतील फुगे याच ताडीने फुगवले जात. मडक्याला आतून चुना लावला की रस लवकर आंबत नाही, हे ताडी काढणाऱ्याला परंपरेने ठाऊक होते. चुन्यामुळे रसातील आम्लता घटते आणि किण्वजंतूंची वाढ मंदावते, हे त्यामागील शास्त्र.

कमलाबाईंनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी नीरेची, तसेच ती आटवून बनवलेल्या ताडगुळाची व काकवीची तपासणी केली. क जीवनसत्त्व, लोह आणि अन्य पोषक घटकांचा अंश त्यांत आढळला. त्यांतला बराचसा भाग आटवल्यावरही टिकतो, असे त्यांच्या निरीक्षणास आले. आदिवासी भागातील कुपोषित कुमारवयीन मुले व गरोदर माता यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसून आली. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईच्या उपनगरी रेल्वे स्थानकांवरील नीरा विक्री केंद्रे अनेक वाचकांना आठवत असतील. मात्र एक खुलासा येथे करणे आवश्यक आहे. नीरा हे कितीही पौष्टिक असले तरी साखरेचेच पेय आहे. मधुमेह असलेल्यांनी वैद्यांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

गरिबाची डाळ

कमलाबाईंच्या संशोधनाचा दुसरा मोठा विषय म्हणजे कडधान्ये. मांस, मासे व दूध ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी तूर, मूग, मटकी, हरभरा हाच प्रथिनांचा आधार. परंतु कच्च्या कडधान्यांत असे काही घटक असतात की जे पोटातील ट्रिप्सिन या पाचक विकराच्या कामात अडथळा आणतात. त्यामुळे खाल्लेली प्रथिने पुरती अंगी लागत नाहीत. कमलाबाई व त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय कडधान्यांतील या घटकांचा पद्धतशीर अभ्यास केला.

नीट शिजवल्याने हे घटक बऱ्याच अंशी निष्प्रभ होतात. भिजवणे व मोड आणणे याही क्रिया उपयोगी पडतात. मोड येताना कडधान्यातील पोट फुगवणाऱ्या काही शर्करा कमी होतात आणि क जीवनसत्त्व वाढते. आजी रात्री मटकी भिजवून फडक्यात बांधून ठेवीत असे, त्या कृतीत किती शहाणपण होते हे यावरून कळते. भाताच्या पिठापासून पौष्टिक आहार बनवण्याचाही कमलाबाईंनी प्रयत्न केला. या सर्व कामामागील दिशा एकच होती. महागडी औषधे ज्याच्या आवाक्यात नाहीत, त्याच्या ताटातल्या अन्नातूनच त्याला बळ मिळाले पाहिजे.

याच काळात आरे येथील दूध प्रकल्पालाही त्यांनी सल्ला दिला. पुढे त्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. एवढ्या मोठ्या विज्ञान संस्थेच्या प्रमुखपदी स्त्री येणे ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. तरीही त्यांची नेमणूक सुमारे चार वर्षे लांबली. बंगळुरूच्या दारावर जे घडले, त्याचीच ही निराळी आवृत्ती म्हणावी लागेल. त्यांची योग्यता केंब्रिजने मान्य केली होती, परंतु घरच्या मंडळींना ती मान्य करण्यास अधिक वेळ लागला.

प्रयोगशाळेबाहेरची आवड

निवृत्तीनंतर कमलाबाई स्वस्थ बसल्या नाहीत. मराठीतून आहारविषयक लेखन करण्याची त्यांना आवड होती. सामान्य गृहिणीला समजेल अशा भाषेत त्यांनी आहार-गाथा हा ग्रंथ लिहिला. लोकसाहित्यात रमणाऱ्या थोरल्या बहिणीप्रमाणे त्यांनाही आपल्या भाषेचे अगत्य होते.

त्यांच्या आस्थेचा दुसरा विषय म्हणजे ग्राहक चळवळ. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी एकत्र येऊन कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था सुरू केली. कमलाबाई या संस्थेच्या सक्रिय कार्यकर्त्या झाल्या. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्ष होत्या आणि संस्थेच्या कीमत या मासिकातून त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेखन केले. ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर १९८६ साली आला, हे लक्षात घेतले तर या स्त्रियांच्या दूरदृष्टीची कल्पना येईल.

अन्नातील भेसळ ओळखण्यासाठी प्रयोगशाळाच लागते असे नाही. काही परीक्षा घरीही करता येतात आणि कर्बोदकांचे रसायन तेथे आपल्या मदतीला येते. दुधाचा थोडा नमुना उकळून थंड करावा व त्यात आयोडीनच्या द्रावणाचे दोन-तीन थेंब टाकावेत. रंग निळा झाला, तर दुधात पिष्ट मिसळले आहे असे समजावे. तपासलेला नमुना अर्थातच पिऊ नये, फेकून द्यावा. मिरचीची पूड पेलाभर पाण्यात टाकून पाहिली की विटकरीची भुकटी तळाशी बसते. अशी माहिती घराघरांत पोहोचावी, यासाठी कमलाबाईंसारख्या विदुषीने आपले उतारवय खर्च केले.

शेवटचा सत्कार

एवढे कार्य करूनही कमलाबाईंचे नाव कित्येक वर्षे विस्मृतीत गेले होते. १९९८ साली नवी दिल्ली येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा गौरव करण्याचे ठरवले. वयाची पंच्याऐंशी वर्षे त्यांनी ओलांडली होती. त्या सत्कार समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांनी जगाचा निरोप घेतला. सन्मान आला, पण फार उशिरा आला.

प्रिय वाचकहो, या चरित्रातून आपण काय घ्यावे? आमच्या मते दोन गोष्टी. पहिली आपल्या मुलींविषयी. जालना, अंबड, भोकरदन, परतूर, मंठा या तालुक्यांतून अनेक मुली आज विज्ञान शाखेत शिकत आहेत. दहावी-बारावीला उत्तम गुण मिळवलेल्या मुलीचे शिक्षण घराच्या अडचणीमुळे किंवा लग्नाच्या घाईमुळे थांबत असेल, तर तो दरवाजा आता कोणी संचालक बंद करीत नाही, आपणच करतो. कमलाबाईंच्या पाठीशी रसायनशास्त्र जाणणारे वडील होते. आपल्या धर्मग्रामातील ज्या मुलीच्या पाठीशी असे कोणी नाही, तिच्या फीची, पुस्तकांची आणि वसतिगृहाची चौकशी करणे हे आपले काम आहे.

दुसरी गोष्ट आपल्या ताटाविषयी. लेकरांच्या हाती रंगीत गोळ्या व तळलेल्या चकत्यांची पाकिटे देण्याऐवजी गूळ-शेंगदाणे, मोड आलेली मटकी आणि बदनापूरच्या तुरीचे घट्ट वरण द्यावे. त्यासाठी खर्च फारसा येत नाही, थोडी माहिती आणि थोडा वेळ एवढेच लागते. त्यातली माहितीची शिदोरी डॉ. कमला सोहोनी यांनी आपल्यासाठी मागे ठेवली आहे.